निळ्याखाली गेलेली घरं

सुखदेवभाऊ,

उद्या तुमच्या घरी तुमच्या आठवणीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. लोक उठतील, चार शब्द बोलतील. 'सुखदेवभाऊ फार शांत माणूस, कधी कोणाशी वाद नाही' असंही कोणीतरी म्हणेल आणि मला हसू दाबावं लागेल. सहा वर्षं आपण एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आणि वाद झाला नाही असा आठवडा मला तरी आठवत नाही. मी उद्या बोलायला उठणार नाही. मला जे सांगायचं आहे ते तुम्हालाच सांगायचं आहे.

तर सरळ सांगते. चिंचटोलीचा पहिला नकाशा बिघडला तो माझ्यामुळे. आपले साहेब तुमच्यावर ओरडत होते, तुम्ही चष्मा पुसत "माही चूक आहे, साहेब" म्हणालात, तेव्हा मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते. हातात चहाचा ग्लास, तोंडात मिठाची गुळणी. त्यानंतर तुम्ही बावीस दिवस जगलात. त्या बावीस दिवसांत मी तुमच्याशी फॉन्टवरून भांडले, पंख्याच्या वेगावरून भांडले, पण एवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

हे पत्र काकू वाचणार आहेत. नकाशाच्या कामातलं बारीकसारीक तुम्ही त्यांना घरी किती सांगत होता मला माहीत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. तुम्हाला कंटाळा आला तर तुमच्या सवयीप्रमाणे मधल्या दोन ओळी सोडून द्या.

खापरखेड्याच्या रस्त्यानं जाताना आत वळलं की नाल्याकाठी चिंचटोली ही वस्ती आहे. त्रेसष्ट घरं. नाल्याची पूररेषा ठरवून त्या रेषेच्या आतल्या घरांना दुसरीकडे जागा द्यायची, असं ठरलं होतं. नकाशा करायचं काम सरकारी विभागाकडून आपल्याकडे आलं. साधा हिशेब होता: नकाशावर घर दिसलं तर ते यादीत, यादीत असेल तर जागा. नकाशावर जे घर नाही, त्याच्या मालकाने कोणत्या तोंडानं जागा मागायची?

नकाशात सगळ्यात खाली ड्रोननं काढलेला फोटो होता. त्यावर टोलीतल्या पोरांनी हातानं काढलेला घरांचा कागद, स्कॅन करून चिकटवलेला. घर क्रमांक त्यावरच लिहिलेले. आणि सगळ्यांच्या वर पुराच्या पाण्याचा निळा रंग. तो निळा मी पातळ केला होता, म्हणजे पारदर्शक, आरपार दिसेल असा. माझ्या स्क्रीनवर ते इतकं सुंदर दिसत होतं की मी मोबाइलवर फोटो काढून घरी दाखवला. निळ्या पाण्याखाली घरं, घरांवर आकडे.

पण नकाशा पीडीएफ करताना ही पारदर्शकताच दगा देते. एका कॉम्प्युटरवर नीट दिसतं, दुसऱ्या जुन्या कॉम्प्युटरला तो आरपारपणा समजतच नाही आणि तो सरळ घट्ट रंग भरून टाकतो. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयसुद्धा नाही.

त्यासाठीच तर आपल्याकडे बोट फिरवायची पद्धत होती. तुमची पद्धत. नंदनवनच्या त्या मेडिकलवरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात तुम्ही आलात तेव्हा सोबत काय आणलं, तर ट्रेसिंग कागदावर हातानं नकाशे काढायच्या जमान्यातली एक पट्टी आणि ही पद्धत. नकाशा तयार झाला की आपल्या जुन्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर काढायचा, टेबलावर पसरायचा. एकानं यादीतला क्रमांक मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं कागदावर त्या घरावर बोट ठेवून "आहे" म्हणायचं. घरं त्रेसष्ट असोत नाहीतर सहाशे. मला त्याचा भयंकर कंटाळा यायचा. मी म्हणायची, "भाऊ, जमाना कुठी गेला, अन् आपण अंगणवाडीसारखं बोट फिरवून राहिलो." तुम्ही मान वर न करता म्हणायचा, "वाच वं. सतरा."

त्या दिवशी तुम्ही दुपारभर बाहेर होता. साहेबांना मिहानमधल्या एका मीटिंगला जायचं होतं आणि जायच्या आधी नकाशा गेलेला हवा होता. साडेचारला तुम्ही आलात, विचारलंत, "बोट फिरवलं काय?" मी म्हटलं, "हो, झालं." प्रिंटरकडे मी दिवसभर वळूनही पाहिलं नव्हतं. तुम्ही एक क्षण थांबलात आणि तपासणाऱ्याच्या जागेवर सही केलीत.

चार दिवसांनी टोलीतली माणसं जिना चढून आली. पुढे लीलाबाई होत्या, नाल्याच्या वळणावर एका खोलीत राहणाऱ्या. त्यांच्या हातात नकाशाची झेरॉक्स होती. त्यांनी ती तुमच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "आमची टोली कुठी आहे, भाऊ? इथं तं नुसता काळा डाग आहे." खरंच नाल्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट काळा पट्टा होता. विभागाच्या जुन्या कॉम्प्युटरनं आपला निळा घट्ट करून टाकला होता, आणि घट्ट निळ्याची झेरॉक्सवर तीच गत होते. एकही घर नाही, एकही आकडा नाही. मागे उभा असलेला एक माणूस म्हणाला, "आमाले काहाडूनच टाकलं काय?" तुम्ही उठून त्यांना खुर्च्या दिल्यात. मग साहेब आले, आणि पुढचं मी वर सांगितलंच आहे.

दुरुस्तीला आठ दिवस मिळाले. आठव्या दिवशी पाच वाजता विभागाचं पोर्टल बंद होणार, त्यानंतर नकाशा स्वीकारला जाणार नाही. त्या आठ दिवसांतला आपला वाद अजून मिटलेला नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून मी तो सोडून देणार नाही.

मी म्हणत होते, पूर्ण पानाचं चित्र करून टाकू; मग कोणताच कॉम्प्युटर काही बिघडवू शकत नाही. केलं, तर फाइल पोर्टलच्या मर्यादेच्या सहापट झाली. लहान केली तर आकडे फुटले, आठ आणि तीन सारखेच दिसायला लागले. मग मी शहाणपणा केला. फक्त फोटो, कागद आणि निळा एकजीव करून त्यांचं एक चित्र केलं आणि आकडे नव्याने टाइप करून वर ठेवले. फाइल मर्यादेत बसली. जुन्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिली, घरं दिसत होती. एका दिवसात काम झालं होतं, भाऊ! मी तुमच्यासमोर प्रिंट नाचवली.

तुम्ही ती प्रिंट घेतली, जिना उतरून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलात आणि दोन रुपयांची झेरॉक्स माझ्यासमोर ठेवलीत. निळ्याचा पुन्हा चिखल झाला होता. टाइप केलेले आकडे कसेबसे दिसत होते, पण आकड्याखाली घर कुठलं ते कळत नव्हतं.

"टोलीतला माणूस तुही पीडीएफ पाहणार नाही," तुम्ही म्हणालात. "तो झेरॉक्स घेऊन उभा राहीन. त्याच्या कागदावर घर दिसलं पाह्यजे."

"मंग काय करायचं? पाणीच काढून टाकायचं काय?"

"पाणी रेघांनी दाखवायचं. आम्ही ट्रेसिंगवर तसंच दाखवत होतो. तिरप्या बारीक रेघा, मधी जागा. रेघेतून खालचं दिसते. त्याले पारदर्शक करा लागत नाही."

"अन् घरं?"

"स्कॅन काढून टाक. एकेक घर काढू."

त्रेसष्ट घरं फोटोवरून एकेक आखायची, भिंत न् भिंत, आणि दिवस उरले पाच. मी म्हटलं हे वेड आहे. आकडे मोठे करा, निळा फिका करा, झेरॉक्सवरही चाललं असतं. मला अजूनही तसं वाटतं. निळा अगदी फिका करून मी काल पुन्हा झेरॉक्स काढून पाहिली आणि ती वाईट नव्हती. तुम्ही असता तर तिच्यावर बोट ठेवून काहीतरी खोट काढलीच असती. काय काढली असती तेवढं मला कळायला हवं होतं.

पाच दिवस तुम्ही मान मोडून बसलात. दोनदा छातीवर हात ठेवताना मी पाहिलं, विचारलं तर म्हणालात, "पित्त आहे." मी डबा पुढे सरकवला आणि विषय संपला. त्याचा मला जो राग येतो तो तुमचा की माझा, हे अजून ठरत नाही.

आठव्या दिवशी साडेतीनला अकरा घरं उरली होती. साहेब खोलीत येरझाऱ्या घालत होते. चार वाजून पाच मिनिटांनी शेवटचं घर झालं. साहेब म्हणाले, "हं, टाका आता." तुम्ही प्रिंटर सुरू केलात.

"सुखदेवभाऊ, वेळ आहे काय हे? पाठवून द्या लवकर!"

"पंधरा मिनिटं, साहेब."

"अन् पाच वाजून गेले तं?"

तुम्ही माझ्याकडे यादी दिलीत आणि कागदावर बोट ठेवलंत. एक, आहे. दोन, आहे. साहेब घड्याळ पाहत होते. पस्तीस, आहे. छत्तीस, आहे. मी "सदतीस" म्हटलं आणि तुमचं बोट थांबलं. ते पुढे गेलं, मागे आलं, वळणावर गेलं. मी पुन्हा म्हटलं, "सदतीस, भाऊ." सदतीस नव्हतं. लीलाबाईंची खोली. फोटोत तिच्यावर झाडाची सावली पडली होती आणि आपल्या दोघांच्याही नजरेतून ती सुटली होती.

तुम्ही खुर्चीवर बसलात. चार वाजून तीस मिनिटं. साहेब म्हणाले, "एका घराले काय होते, नंतर पाहू." तुम्ही त्यांच्याकडे असं पाहिलंत की ते गॅलरीत निघून गेले. तुम्ही पुन्हा माउस हाती घेतलात आणि खोली आखली. उरलेली सव्वीस घरं आपण पळत्या सुरात वाचली. पीडीएफ झाली, मी ती पोर्टलवर चढवली. स्क्रीनवरचं चक्र फिरत राहिलं. एकदा बंद पडलं. मी पुन्हा चढवली. तुम्ही माझ्या मागे उभे होता, तुमचा श्वास मला ऐकू येत होता. पाचला सहा मिनिटं कमी असताना 'स्वीकृत' अशी हिरवी पट्टी आली.

साहेब मिठाई आणायला निघाले. खोलीत आपण दोघंच होतो. तुम्ही म्हणालात, "झालं. आता काही राह्यलं तं नाही ना, वर्षा?" तुम्ही माझ्याकडे पाहत होता. मला सगळं बोलायचं होतं, शप्पत. मी म्हटलं, "चहा सांगू काय, भाऊ?"

चौदा दिवसांनी सकाळी ऑफिसला निघताना तुम्ही घरी कोसळलात, आणि मला फोन आला.

घरांच्या यादीची सुनावणी काल झाली. सभागृह टोलीच्या माणसांनी भरलं होतं आणि प्रत्येकाच्या हातात झेरॉक्स होती. तुमचं खरं ठरलं, घ्या. कोणाच्याही हातात रंगीत नकाशा नव्हता. अधिकारी मॅडम एकेकाला बोलावत होत्या, माणूस आपलं घर दाखवत होता, कारकून टिक करत होता. मग लीलाबाईंची पाळी आली. त्यांनी कागद उलटसुलट केला, मग म्हणाल्या, "हे पाहा, सदतीस. वळणावरचं." टिक झाली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट घरं यादीत आली, भाऊ. मी तिथे बसून रडले, कोणी पाहिलं तर पाहिलं.

मग मॅडमनी फाइल मागे पलटवली. पहिल्या नकाशात ही वस्ती का नव्हती, ते नोंदीत यायला हवं, म्हणाल्या. कोणाची जबाबदारी होती? साहेब उठले. हात जोडून, आवाज मऊ करून म्हणाले, "मॅडम, ते काम ज्यांच्याकडे होतं, ते आता आपल्यात नाहीत." सभागृहात हळहळ झाली. मॅडम कारकुनाला म्हणाल्या, "लिहा. संबंधित कर्मचारी मयत."

किती सोपं होतं. कोणाचं काही जाणार नव्हतं. साहेबांचं काम राहणार, माझी नोकरी राहणार, टोलीला जागा मिळणारच होती. फक्त एका सरकारी कागदावर कायमचं लिहिलं जाणार होतं की त्रेसष्ट घरं सुखदेवभाऊंनी पुसली. कारकुनानं पेन उचललं.

मी उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, ते लिहू नका. त्यांनी नाही केलं. मी केलं."

"म्हणजे?"

"नकाशा मी केला होता. छापून तपासायचा असतो, तो मी तपासला नाही. त्यांनी विचारलं तर तपासला म्हणून खोटं सांगितलं. त्यांनी माझ्या शब्दावर सही केली. आणि नंतर पाच दिवस बसून ही सगळी घरं त्यांनी परत काढली."

साहेब माझी ओढणी ओढत होते. मॅडमनी विचारलं, "हे नोंदीत घेऊ?" मी हो म्हटलं. त्यांनी माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, आणि कारकुनानं ते लिहिलं. लीलाबाई मागे वळून माझ्याकडे पाहत होत्या. त्या काही म्हणाल्या असत्या तर मला ते ऐकून घेणं भाग होतं.

परतताना आमची गाडी कोराडी नाक्यावर आली. तिथे साहेब फुटले. "काहून बोलली वं तू? मेलेल्या माणसाले काय फरक पडते?" सोमवारी मी ऑफिसला यायचं की नाही ते साहेब कळवणार आहेत. मी त्यांना म्हटलं, मला इथेच उतरवा. रिक्षा केली आणि तुमच्या घरी गेले.

काकू दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या, उद्याच्या जेवणाचे. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, सूप फेकून मारतील. मारायला हवं होतं.

त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. "माहीत आहे मले," म्हणाल्या.

"कसं काय, काकू?"

"त्या दिवशी दुपारभर ते कुठी होते, माहीत आहे ना तुले? प्रिंटरचं काट्रिज भराले घेऊन गेल्ते. सकाळपासून ते त्याइच्या पिशवीत होतं. तू कशावर छापला असता नकाशा?"

तुम्हाला सही करतानाच शंका आली होती, भाऊ. ते एक क्षण थांबणं.

"त्याइले वाटलं, पोरीनं बाहेरून छापून आणला असन," काकू म्हणाल्या. "विचारा लागत होतं, पण विचारलं नाही. म्हणून म्हणत, माही बी चूक आहेच. मी म्हटलं, मंग साहेबाले सांगा ना खरं काय ते. तं म्हणे, नाही. ते पोरगी सांगन."

त्या पुढे निवडत राहिल्या. मग मान खाली ठेवूनच म्हणाल्या, "रोज संध्याकाळी घरी आले की मी विचारो, सांगतलं काय जी तिनं? तं चप्पल काढता काढता म्हणत, आज नाही."

काल सांगितलं, भाऊ. पण संध्याकाळी ते घरी येऊन काकूंना सांगायला तुम्ही नव्हता, म्हणून मलाच जावं लागलं.

तुमची,
वर्षा